कोहिमा-इंफाळ युद्धभूमी टूर: गाइड झकास, पण शांगशाक 'ऑप्शनल'?

साडेतीन स्टार देतोय. एक स्टार शांगशाकसाठी (मणिपुरातली १९४४ ची रणभूमी) कापलाय आणि अर्धा जेवणासाठी. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण माणसं वाईट नाहीयेत, फक्त त्यांना स्वतःच्या टूरमध्ये काय आहे तेच नीट माहीत नाहीये.

आम्ही फेब्रुवारी २०२३ मध्ये गेलो होतो, रिव्ह्यू टाकायला उशीर झाला. दिमापूरला उतरायचं, कोहिमा तीन रात्री, मग माओ गेटवरून इंफाळ चार रात्री आणि तिथूनच परतीचं विमान. ग्रुपमध्ये बारा जण, बहुतेक पुणे-साताऱ्याचे, त्यात मराठा रेजिमेंटमधून रिटायर झालेले एक सुभेदार काका. खरं सांगतो, दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्य भारतात घुसलं होतं हेच आमच्यातल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. आपल्याला महायुद्ध म्हटलं की हिटलर, फार तर रोमेल.

कोहिमाचा गाइड स्थानिक नागा मुलगा होता, त्याला पाच स्टार वेगळे द्यायला पाहिजेत. वॉर सिमेट्रीत खालून वर एकेक पायरी चढवत त्याने सगळं समजावलं. मार्च १९४४ मध्ये मुतागुची नावाचा जपानी जनरल तीन डिव्हिजन घेऊन ब्रह्मदेशातली चिंदविन नदी ओलांडून निघाला, सोबत शिदोरी साधारण तीन आठवड्यांची, आणि वाटेत खायला म्हणून गुरांचे कळप हाकत आणले, त्यातली कितीतरी नदीत आणि डोंगरात गेली. हिशोब असा की इंफाळचे इंग्रजांचे साठे हातात आले की पुढचं बघू. ते साठे हातात आलेच नाहीत. पुढे उपासमार आणि रोगराईने जे मेले त्यांचा आकडा ऐकून बसमध्ये सगळे गप्प झाले, एकूण जपानी मृत सुमारे ३०,००० आणि त्यातले बरेचसे गोळी न लागता गेलेले.

सिमेट्रीत डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याचं टेनिस कोर्ट होतं ती जागा आखून ठेवलीय. कोर्टाच्या एका बाजूला इंग्रजांचे सैनिक आणि दुसऱ्या बाजूला जपानी, मध्ये हातबॉम्ब. मी कोर्टाच्या या टोकाहून त्या टोकाला चालत गेलो, पावलं मोजायची होती पण मध्येच विसरलो. एकूण १,४२० कबरी आहेत. वरच्या बाजूला हिंदू आणि शीख सैनिकांचं वेगळं स्मारक आहे, दहन झालेल्या ९१७ जणांची नावं, तिकडे फोटोवाली गर्दी अजिबात जात नाही. २०१३ मध्ये लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियमने ब्रिटनची सगळ्यात मोठी लढाई कुठली असं मतदान घेतलं होतं, त्यात वॉटर्लूला मागे टाकून इंफाळ-कोहिमा पहिलं आलं. तिकडे पहिलं, आणि आपल्या शाळेच्या पुस्तकात मला तरी कधी भेटलं नाही.

इंफाळमध्ये मात्र टूर घसरली. पहिला अख्खा दिवस लोकटाक तलाव आणि शॉपिंग. मोइरांगचं आझाद हिंद फौजेचं म्युझियम पाऊण तासात उरकलं, १४ एप्रिल १९४४ ला कर्नल शौकत मलिक यांनी जिथे झेंडा फडकवला ती जागा, आणि आमचा मॅनेजर घड्याळ दाखवतोय. रेड हिलला जपान्यांनी बांधलेलं शांती स्मारक आणि शेजारचं २०१९ चं पीस म्युझियम मात्र छान वेळ देऊन दाखवलं. तिथे सुभेदार काका भलतेच खुशीत, कारण ब्रह्मदेशाच्या अराकान किनाऱ्यावरून अख्खी पाचवी इंडियन डिव्हिजन विमानाने उचलून आणली, तोफा आणि खेचरांसकट, हे त्यांनीच आम्हाला रंगवून सांगितलं. खेचर विमानात कसं चढवतात यावर चहा होईपर्यंत चर्चा.

आता मुद्द्याचं. काकांनी पहिल्या दिवसापासून विचारलं होतं, शांगशाक कधी? मॅनेजर म्हणायचा बघू. शेवटी सहाव्या दिवशी कळलं की ते 'ऑप्शनल' आहे, माणशी साडेतीन हजार वेगळे. अहो, मराठी माणसांचा ग्रुप घेऊन आलायत आणि शांगशाक ऑप्शनल? मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन होती तिथे. २२ ते २६ मार्च १९४४, पन्नासावी पॅराशूट ब्रिगेड, सोबत आपले मराठे, आणि समोरून कोहिमाकडे निघालेल्या जपानी डिव्हिजनचे लोक. टेकडीवर काटेरी तार नाही, खाली कातळ असल्यामुळे खंदक धड खोल जात नाहीत, पाणी नाही, विमानातून टाकलेलं सामान वाऱ्याने शत्रूच्या बाजूला. तरी ती माणसं तिथे टिकून राहिली आणि सव्वीसच्या रात्री हुकूम आल्यावर अंधारात बाहेर पडली. पॅरा ब्रिगेडचे सुमारे ६०० जण मेले किंवा जखमी झाले. त्या दिवसांत जपान्यांना जो उशीर झाला तो कोहिमा आणि इंफाळ दोन्हीकडे कामाला आला, हे आता बरेचजण मान्य करतात, पण त्या वेळी ब्रिगेडियरलाच पदावरून काढलं.

आपल्याकडे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांची नावं माहीत आहेत, असायलाच पाहिजेत, व्हिक्टोरिया क्रॉस आहेत दोघांना, पण दोघंही इटलीत लढले. शांगशाकचं नाव मी साताऱ्याचा असूनही पन्नाशी उलटल्यावर ऐकलं.

शेवटी आम्ही चौघंच गेलो, काका, मी आणि अजून दोघं, भाड्याच्या बोलेरोत. उख्रुलचा रस्ता, लिटान सोडलं की वळणं सुरू, माझं पोट दोनदा बिघडलं. वर तांगखुल नागांचं गाव, चर्च, आणि टेकडी एवढीशी की अर्ध्या तासात फिरून होते. एवढ्याशा जागेत हजारो माणसं आणि मेलेली खेचरं पाच दिवस कशी होती हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही, आणि उभं राहूनही पूर्ण कळलं असं नाही म्हणणार. काका बूट काढून उभे राहिले, रेजिमेंटची घोषणा मोठ्याने दिली, 'बोल छत्रपती शिवाजी महाराज की जय', गावातली दोन पोरं सायकल थांबवून बघत राहिली. नंतर एक आजोबा आले, त्यांनी काकांशी हिंदीत थोडं आणि हातवाऱ्यांनी जास्त गप्पा मारल्या. गाइड नव्हता, तरी अख्ख्या टूरमधली सगळ्यात चांगली दुपार.

जेवणाचं सांगायचं तर रोज बटाटा आणि पिवळी डाळ. इरोंबा हा तिथला मणिपुरी पदार्थ मागितला तर मॅनेजर म्हणाला ग्रुपला चालणार नाही, विचारलं कोणाला?

जाणाऱ्यांनी दोन गोष्टी बघा. नागालँड आणि मणिपूर दोन्हीकडे इनर लाइन परमिट लागतं. आणि मे २०२३ पासून मणिपुरात जो वांशिक हिंसाचार झाला तो सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे बुकिंगच्या आधी तिथल्या ओळखीच्या माणसाला विचारा, कंपनीला नाही.

परत आल्यावर फीडबॅक फॉर्मवर मी एवढंच लिहिलं की शांगशाक मुख्य कार्यक्रमात घ्या. आठवड्याने ऑफिसमधून एका मॅडमचा फोन आला, खूप आदराने बोलल्या, आणि विचारलं की सर, तिथे ग्रुपच्या लंचची सोय आहे का? नव्हती, आम्ही चिवडा खाल्ला होता.