गावच्या नळयोजनेवर क्लोरीन डोसर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

टाकीत बादलीने टीसीएल (ब्लीचिंग पावडर) ओतण्याऐवजी ताशी 6 लिटरचा डायफ्रॅम डोसिंग पंप, म्हणजे ठरलेल्या मापाने क्लोरीनचे औषध पाण्यात सोडणारा डोसर, चालवून आठ महिने झाले. डोसर घेण्यासारखा आहे. पण तो बसला म्हणून शेवटच्या नळावरची क्लोरीनची तपासणी थांबवली, तर आधीची बादली बरी होती.

आधी हिशेब. मोटार ताशी 10,000 लिटर पाणी चढवते. लिटरला 1.5 मिलिग्रॅम डोस धरला, तर तासाला 15 ग्रॅम क्लोरीन लागतो. 10 टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट (हायपो, क्लोरीनचे द्रव औषध) तसेच वापरले तर तासाला 150 मिलीच पुरते, आणि इतक्या कमी मापावर हा पंप एकसारखा डोस देत नाही. म्हणून 100 लिटरच्या ड्रममध्ये 10 लिटर हायपो, 90 लिटर पाणी, आणि पंप ताशी दीड लिटरवर. मोटार रोज आठ तास चालली तर ड्रम आठवडाभर जातो. पातळ करायला बोअरचे जड पाणी नको. चुन्याचा साका बसून फूट व्हॉल्व्ह (ड्रममधल्या नळीच्या टोकाची झडप) तुंबतो. साठवलेले पावसाचे किंवा आरओचे पाणी घ्यावे.

हायपो उन्हाने आणि उष्म्याने उतरते. पंपघराला पत्रा असेल तर एप्रिल-मे महिन्यांत सेटिंग तेच राहते आणि नळाला क्लोरीन कमी येत जातो. महिन्याला 35 लिटरचा एक कॅन पुरतो. स्वस्त मिळाले म्हणून सहा महिन्यांचा साठा करू नये.

सर्वांत घातक बिघाड म्हणजे एअर लॉक. हायपोतून वायू सुटून पंपाच्या डोक्यात अडकतो. पंप टकटक करत राहतो, औषध मात्र जात नाही. आवाजावर विसंबू नका, ड्रमवर खुणा करून रोज पातळी उतरली का ते बघा. ड्रम पंपापेक्षा उंचावर ठेवल्यावर हा त्रास बराच घटला. औषध पाइपात सोडणाऱ्या इंजेक्शन नोझलवर क्षार धरतात. महिन्यातून एकदा नोझल काढून आधी साध्या पाण्याने भरपूर धुवावे, मगच व्हिनेगरमध्ये भिजवावे. हायपो आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, बंद खोलीत तो जीवावर बेततो.

डोसर मोटारीबरोबरच चालू-बंद व्हावा म्हणून जोडणी स्टार्टरमधून करतात. ती दोन फेजमधून घेतली तर 415 व्होल्ट येऊन सर्किट जळते. एक फेज आणि न्यूट्रलच घ्यावा.

आता तपासणी. नळ दोन-तीन मिनिटे वाहू द्यावा, मग नमुना घ्यावा. ओटीचा (ऑर्थोटोलिडिन, क्लोरीन असेल तर पाणी पिवळे करणारे द्रावण) रंग लगेच वाचावा. उशीर केला तर बांधलेला क्लोरीनही (पाण्यातल्या अमोनियासारख्या पदार्थांशी जोडला गेलेला, कमी कामाचा) त्यात धरला जातो. क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी करणाऱ्या डीपीडी गोळीचे किट जास्त खात्रीचे. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन मिळायला हवा. टाकीच्या आउटलेटला 0.8 आणि शेवटच्या नळाला शून्य आले, तर डोस वाढवत बसू नका. आधी गटारातून गेलेले नळजोड आणि तुंबलेले व्हॉल्व्ह चेंबर उघडून बघा. पुरवठा बंद झाला की रिकामी पाइपलाइन तिथूनच घाण ओढते. टाकी भरत असताना गावाचा व्हॉल्व्ह उघडा ठेवला, तर जंतू मारायला क्लोरीनला लागणारा अर्धा तासही मिळत नाही.

पंप दुरुस्तीला गेला की टीसीएल लागतेच, म्हणून एक पिशवी कोरड्या जागी असू द्या: हजार लिटरला 5 ग्रॅम, आधी पेस्ट, मग पाणी, साका खाली बसल्यावर फक्त वरची निवळी टाकीत.