रहिवासी संघाच्या कामासाठी ‘यूमॅप’: वर्षभराच्या वापरानंतर

रहिवासी संघाचे काम बहुतांशी अर्जांवर चालते. हरकत घ्यायची तर अर्ज, तक्रार करायची तर अर्ज, आणि आधीच्या अर्जाचे काय झाले हे विचारायचे तरी पुन्हा अर्जच. आमच्या संघाकडे बंद पथदिव्यांविषयीच्या अर्जांच्या प्रतींची फाइल चांगलीच जाड झाली, तेव्हा कोणीतरी ती सलग वाचून काढली. जवळजवळ प्रत्येक अर्जात ‘वळणावरचा दिवा’, ‘शाळेसमोरचा खांब’ असेच वर्णन होते, आणि कोणते वळण, शाळेच्या कोणत्या फाटकासमोरचा खांब, हे परक्या माणसाला कळायला काहीही मार्ग नव्हता. त्या संध्याकाळी आम्ही ‘यूमॅप’ उघडले. त्यानंतर वर्षभर ते दोन कामांसाठी वापरले: पथदिव्यांची पाहणी, आणि आराखड्यात एका मोकळ्या भूखंडाचा वापर बदलण्याच्या प्रस्तावावरची हरकत. त्या अनुभवावर हे परीक्षण आधारलेले आहे.

यूमॅप म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारे, मुक्त स्रोत (म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला आहे) असलेले आणि मोफत असे नकाशे तयार करण्याचे साधन. खालचा नकाशा ‘ओपनस्ट्रीटमॅप’चा असतो, जो २००४ पासून जगभरचे स्वयंसेवक मिळून तयार करत आले आहेत. त्यावर आपण आपले बिंदू, रेषा आणि क्षेत्रे काढायची, ती वेगवेगळ्या थरांत ठेवायची, प्रत्येक थराला रंग आणि चिन्ह द्यायचे, आणि तयार झालेल्या नकाशाचा दुवा लोकांना पाठवायचा. खाते न उघडताही नकाशा तयार करता येतो, हे त्याचे मोठे आकर्षण आहे आणि पहिला खड्डाही तोच. खाते नसेल तर संपादनाचा एक गुप्त दुवा मिळतो. तो जपून ठेवला नाही तर आपलाच नकाशा आपल्याला केवळ पाहता येतो, बदलता येत नाही. आमचा पहिला नकाशा असाच गेला. संघाने एक सामायिक खाते उघडून त्यावरूनच काम करावे, आणि ज्यांना खरोखर बदल करायचे आहेत त्यांनाच संपादक म्हणून जोडावे, हे उत्तम.

बिंदू एकेक करून हाताने ठेवता येतात, पण पाहणी मोठी असेल तर ती तक्त्यात भरून सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) चढवणे सोपे पडते. फाइलमध्ये अक्षांश आणि रेखांश यांचे दोन वेगळे स्तंभ असावे लागतात. ते उलटसुलट झाले तर खांब थेट दुसऱ्याच मुलुखात जातात, आणि दोन्हींत चुकून शून्य राहिले तर ते आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात, समुद्रात उभे राहतात. आमचे तीन खांब तिथे होते. मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण सांगायला हवी. तक्ता साध्या सीएसव्ही स्वरूपात साठवला तर देवनागरी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटू शकते. साठवताना ‘युटीएफ-८’ (सगळ्या लिप्यांची अक्षरे साठवू शकणारी पद्धत) असे स्पष्ट लिहिलेला पर्याय निवडला की हा त्रास राहत नाही. आम्हाला हे कळेपर्यंत एका स्वयंसेविकेने सगळी वर्णने दोनदा टंकली होती.

मोबाइलच्या जीपीएसवर किती विसंबायचे, हा प्रश्न पहिल्याच सुनावणीत समोर आला. अक्षांश-रेखांशात दशांशचिन्हानंतर पाच अंक असले की नोंद सुमारे एक मीटरपर्यंत नेमकी दिसते, पण दिसणे वेगळे आणि असणे वेगळे. उंच इमारतींच्या मधल्या गल्लीत उपग्रहांचे संकेत भिंतींवर आपटून येतात आणि बिंदू सहज दहा-वीस मीटर सरकतो. नकाशा पाहून संबंधित अधिकाऱ्याने पहिला प्रश्न विचारला तो असा, की हा खांब इमारतीच्या पोटात कसा शिरला? हसू आले, पण त्या एका खांबामुळे उरलेल्या सगळ्या नोंदींवरचा त्याचा विश्वास उडाला. पुढच्या फेरीपासून आम्ही जागेवर उभे राहूनच बिंदू ओढून रस्त्याच्या बरोबर त्या कडेला आणू लागलो. यूमॅपमध्ये हे ओढणे मोबाइलवरही जमते, मात्र बोटाने ते नाजूक काम आहे आणि बदल ‘जतन’ केल्याशिवाय टिकत नाहीत. रात्री दोन तास फिरून जतन न करता खिडकी बंद करणारे सदस्य आमच्याकडे होते. त्यांची नावे सांगत नाही, कारण त्यांत एक मीही होतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. यूमॅपमध्ये थराचा प्रकार बदलून बिंदूंचा ‘उष्णता नकाशा’ करता येतो, म्हणजे जिथे बिंदू दाट तिथे लाल आणि विरळ तिथे निळा. एका टिचकीत होणारे हे रूप इतके देखणे असते की प्रत्येक संघाला ते सादर करण्याचा मोह होणारच. आम्हीही केले. आमचा सर्वांत लाल डाग पडला तो संघाच्या सचिवांच्या इमारतीभोवती! अंधार तिथे सर्वाधिक नव्हता. तक्रारी लिहिणारी माणसे तिथे सर्वाधिक होती. ज्या वस्तीतून एकही अर्ज आला नव्हता ती नकाशावर कोरी, म्हणजे जणू सुखरूप दिसत होती, आणि प्रत्यक्षात तिथे सलग पाच खांब बंद होते. केवळ तक्रारींचा नकाशा हा तक्रारदारांचा नकाशा असतो. यूमॅप याबद्दल कसलीही सूचना देत नाही आणि तशी अपेक्षाही करता येणार नाही, पण वापरणाऱ्याने हे ओळखले नाही तर हेच साधन संघाच्या विरोधात जाते.

या संदर्भात १८५४ साली लंडनच्या सोहो भागात डॉ. जॉन स्नो यांनी केलेल्या कामाची आठवण होते. ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचे पाणी पटकीचे कारण आहे असे त्यांनी दाखवले, आणि मृत्यू काळ्या रेघांनी दाखवणारा त्यांचा नकाशा पुढे जगप्रसिद्ध झाला. नकाशा पाहून पंपाचा दांडा काढला गेला असे अनेकदा सांगितले जाते. वास्तविक दांडा ८ सप्टेंबर १८५४ रोजी निघाला तो मृत्यूंची यादी आणि घरोघरची चौकशी स्थानिक मंडळापुढे ठेवल्यावर, आणि नकाशा त्यानंतर तयार झाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्नो यांनी जिथे माणसे मेली नाहीत त्या जागांचाही पाठपुरावा केला. जवळच्या अनाथ-निराधारांच्या गृहात ५३५ जण राहत होते आणि त्यांपैकी पाचच दगावले होते, कारण त्या गृहाला स्वतःची विहीर होती. बाजूच्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यातले सत्तरहून अधिक कामगार वाचले, कारण ते त्या पंपाचे पाणी पीतच नव्हते. रोग नसलेल्या या जागा नकाशावर नसत्या, तर युक्तिवाद अर्धाच राहिला असता.

हा धडा आम्ही दुसऱ्या फेरीत गिरवला. बंद दिव्यांबरोबर चालू दिवेही नोंदवले, प्रत्येक रस्ता कोणी कोणत्या रात्री चालून पाहिला याचा एक वेगळा रेषांचा थर केला, आणि न पाहिलेले रस्ते मुद्दाम राखाडी ठेवले. यूमॅप इथे उत्तम साथ देते. थर चालू-बंद करता येतात, तक्त्यातल्या एखाद्या स्तंभाच्या किमतीनुसार बिंदूंना आपोआप रंग देता येतो, आणि पाहणारा स्वतः नोंदी गाळून पाहू शकतो. ‘तुम्ही वाईट तेवढेच दाखवता’ हा आक्षेप त्यानंतर आला नाही.

गोपनीयतेच्या बाबतीत मात्र कान टोचावे लागतील. फाइल चढवली की तिच्यातले सगळे स्तंभ नकाशाबरोबर जातात. बिंदूवर टिचकी मारल्यावर केवळ नाव आणि वर्णन दिसत असले, तरी उरलेली माहिती नकाशा पाहणाऱ्या कोणालाही उतरवून घेता येते. आमच्या पहिल्या फाइलमध्ये तक्रारदारांच्या दूरध्वनी क्रमांकांचा स्तंभ तसाच राहिला होता, आणि तो दोन दिवस उघड्यावर होता. कोणी गैरवापर केल्याचे कळले नाही, पण माफी मागत घरोघर फिरावे लागले. पाहण्याची परवानगी सर्वांना, दुवा असणाऱ्यांना किंवा केवळ संपादकांना, अशी मर्यादित करता येते. तरीही जे प्रसिद्ध करायचे नाही ते फाइलमध्येच न ठेवणे हा एकमेव भरवशाचा उपाय आहे.

भूखंडाच्या हरकतीत यूमॅपच्या मर्यादा स्पष्ट झाल्या. प्रस्तावित आराखडा आमच्या हाती आला तो तिरक्या स्कॅन केलेल्या पानाच्या रूपात. असे पान जमिनीवरच्या खऱ्या जागांशी जुळवून बसवणे यूमॅपचे काम नाही. त्यासाठी ‘क्यूजीआयएस’ हे २००२ साली सुरू झालेले, तेही मुक्त आणि मोफत, पण शिकायला बरेच जड असे नकाशांवर काम करण्याचे सॉफ्टवेअर वापरावे लागले. पानावरचे चौक आणि पुलाची टोके नकाशावरच्या त्याच जागांशी जोडत गेल्यावर आराखडा जागेवर बसला, आणि प्रस्तावित रस्त्याची हद्द ओढ्याच्या पात्रात शिरते हे तेव्हाच प्रथम दिसले. तिथून हद्दीच्या रेषा जिओजेसन (नकाशावरच्या आकृत्या साठवण्याच्या एका फाइल-प्रकाराच्या) स्वरूपात काढून यूमॅपमध्ये आणल्या, म्हणजे सदस्यांना त्या मोबाइलवर पाहता आल्या. छपाईसाठीही क्यूजीआयएसच बरे. सुनावणीत प्रमाण, उत्तर दिशा आणि सूची असलेला कागद लागतो आणि तो यूमॅपमधून मनासारखा निघत नाही. छापील प्रतीवरही ‘ओपनस्ट्रीटमॅप योगदानकर्ते’ हा श्रेयनिर्देश ठेवणे परवान्यानुसार बंधनकारक आहे, हे सहसा विसरले जाते.

नवख्या संघांचा आणखी एक घोटाळा होतो. यूमॅपवरचा थर आपला असतो; ओपनस्ट्रीटमॅप सर्वांचे असते. भूखंड मोकळाच राहावा ही मागणी पहिल्यावर शोभते, दुसऱ्यावर नाही. उलट रस्त्यावर खरोखर असलेली पायवाट, सार्वजनिक नळ किंवा उतारमार्ग ओपनस्ट्रीटमॅपवरच नोंदवावा, कारण तो मग सर्वांच्या उपयोगी पडतो. केनियातल्या नैरोबीच्या किबेरा वस्तीत २००९ साली तिथल्याच तरुणांनी गल्ल्या, पाण्याच्या जागा आणि दवाखाने ओपनस्ट्रीटमॅपवर उतरवले, तेव्हा त्या वस्तीचा तपशीलवार सार्वजनिक नकाशा प्रथमच तयार झाला. दुसऱ्या नकाशासेवांवरून नावे किंवा रेषा उचलून तिथे टाकणे मात्र हक्कभंग ठरते. स्वतः पाहिलेलेच लिहावे.

एकंदरीत, सात-आठ सक्रिय सदस्य आणि तक्ता नीट भरू शकणारे एक माणूस असलेल्या संघाने यूमॅप निःसंकोच वापरावे. ज्यांना केवळ एकेक खड्डा कळवायचा आहे त्यांना ते जड वाटेल. त्यांना ब्रिटनमध्ये २००७ पासून चालू असलेल्या ‘फिक्समायस्ट्रीट’सारखी, तक्रार थेट संबंधित कार्यालयाकडे पोहोचवणारी सेवा जिथे उपलब्ध असेल तिथे अधिक सोयीची. आमच्याकडे आता दर तीन महिन्यांनी एक पाहणी होते, चढवण्यापूर्वी फाइल दोघेजण तपासतात, आणि जुन्या नोंदी पुसण्याऐवजी तारखेनिशी वेगळ्या थरात ठेवल्या जातात. मागच्या सुनावणीत त्याच अधिकाऱ्याने नकाशाच्या दुव्याबरोबर मूळ तक्ताही मागून घेतला, कारण त्यांच्या कार्यालयाच्या यादीत खांबांना क्रमांक होते, पण जागा नव्हत्या.