टाकीतलं पाणी: डिप रॉड बरा की प्रोब?

पंपावरच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी उतरलंय का, हे कळायचे मार्ग मुख्यतः दोनच. पाणी लागलं की रंग पालटणारी पेस्ट रॉडला लावून तो तळापर्यंत सोडा, म्हणजे डिप घ्या, नाहीतर टाकीतच राहून पाण्याची पातळी स्क्रीनवर दाखवणारा प्रोब बसवा. मी दोन्ही वापरलेत.

पेस्ट स्वस्त, बिघडत नाही, वीज मागत नाही. मात्र जुनी नेहमीची पेस्ट इथे दगा देते. दहा टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी पोटात जिरवतं, गारठ्यात त्याहून कमी. त्यापुढे गेलं की इथेनॉल पाण्याच्या संगतीने तळ गाठतं आणि वरच्या पेट्रोलचा ऑक्टेन उतरतो. तळाचा हा थर निव्वळ पाण्याचा नसतो, त्यामुळे इथेनॉलसाठी केलेलीच पेस्ट हवी.

प्रोबचीही तीच गत. त्यावरचा जुना वॉटर फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगून पातळी दाखवणारा तुकडा, निव्वळ पाण्याच्या घनतेवर बेतलेला. या हलक्या थरात तो उचललाच जात नाही. माझ्याकडे स्क्रीनवर शून्य होतं आणि नोझलची धार पार बारीक झालेली. फिल्टर पाण्याने फुगले होते. चिडून रॉडकडे परतलो.

मग पावसाळा आला. टाकी भरायच्या पाइपाभोवतीचा, म्हणजे फिलपाइपचा चेंबर रोज तुडुंब. डिप घ्यायचा तर आधी पाणी उपसा, फडक्याने पुसा, कुणाला तरी छत्री धरायला उभं करा, मग झाकण काढा. जरा घाई झाली की चेंबरमधलं उरलंसुरलं पाणी आत. सकाळी रॉड कोरडा, संध्याकाळी पेस्टचा रंग पालटलेला! पाणी बघायला गेलो आणि आपल्याच हाताने ओतून आलो. याच एका गोष्टीला मी कंटाळलो.

आता मिश्रणासाठीचा फ्लोट असलेला प्रोब आहे. पावसात झाकणाला हात लावायची वेळ क्वचितच येते. टाकी एका अंगाला कललेली असेल आणि प्रोब वरच्या टोकाला, तर मात्र थोडं पाणी त्यालाही दिसणार नाही. बसवण्याआधी उतार बघून घ्या. पाऊस बेताचा आणि टाकी एकच असेल तर रॉडवर भागेलही, मी नाही म्हणणार नाही.

पेस्टची ट्यूब अजून खणात आहे. टँकर रिकामा झाला की झाकण उघडलेलंच असतं, तेवढा एक डिप मी रॉडनेच घेतो.