परळचे बैलघोडा हॉस्पिटल : रक्ताचा थेंब काचेवर घेण्याची शिस्त

परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालयाला मुंबईकर आजही ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणतात. गेल्या पावसाळ्यात आमच्या राणी या कुत्रीने तीन दिवस अन्नाला तोंड लावले नाही, तेव्हा मी तिला तेथे नेले. त्याआधी घराजवळच्या एका खासगी दवाखान्यात तिला नीट न तपासताच तापाचे इंजेक्शन टोचून परत पाठवले होते. परळला मात्र प्रथम तिचा ओठ दुमडून हिरड्या पाहिल्या, पापणी ओढून आतला रंग पाहिला आणि मग एका विद्यार्थिनीने तिच्या कानाच्या कडेला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला व दुसऱ्या काचेच्या धारेने तो पसरवला. थर जाड झाला म्हणून सरांनी तिला, न रागावता, दुसरी पट्टी करायला लावली. गोचीडतापाचे निदान त्याच दिवशी हाती आले.

रुग्णालयाची स्थापना १८८३ सालची. २ ऑगस्ट १८८६ रोजी त्याच आवारात पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि त्याचे पहिले प्राचार्य म्हणून जे. एच. स्टील आले. स्टील हे लष्करातील पशुवैद्य. प्राचार्यपदाच्या आदल्याच वर्षी ते ब्रह्मदेशात लष्कराच्या खेचरांमधील सर्रा या रोगाचा छडा लावत होते, आणि ग्रिफिथ इव्हान्स या ब्रिटिश पशुवैद्यांनी १८८० मध्ये घोड्या-उंटांच्या रक्तात पाहिलेला परजीवी त्यांनाही सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. त्याची जात ओळखताना ते चुकले, कारण तो स्पायरोकीट (मळसूत्री आकाराचा जिवाणू) नव्हता, ट्रिपॅनोसोम (रक्तात राहणारा एकपेशीय परजीवी) होता. परंतु रोगाचे मूळ रक्तात शोधायचे, ही त्यांची दिशा अचूक होती. त्यांनी परजीवीला नाव दिले तेही इव्हान्स यांचेच, आणि या गुणाचे मला फार मोल वाटते. १८९१ मध्ये त्यांचे निधन झाले, म्हणजे प्राचार्यपदाची जेमतेम साडेचार वर्षे त्यांच्या वाट्याला आली. प्रयोगशाळेतला माणूस संस्थेच्या प्रमुखपदी बसला की त्याचे निम्मे आयुष्य कागदपत्रांत जाते, अशी खंत आपण नेहमी ऐकतो. पण पुढच्या पिढ्यांचे डोळे तयार करणे हेही संशोधनाइतकेच मोठे काम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे महाविद्यालय आता नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. येथे विद्यार्थी शिकत असतात, त्यामुळे तपासणी सावकाश आणि सविस्तर होते. जाणाऱ्याने सकाळ मोकळी ठेवावी व आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात.

आठ दिवसांनी राणीला पुन्हा दाखवायला नेले, तेव्हा तीच विद्यार्थिनी होती. या वेळी तिची पहिलीच पट्टी पातळ आणि एकसारखी उतरली.