बीकेसीतील एका कार्यालयाची प्रवास योजना: पासाला पावती, गाडीला तळघर

मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील (बीकेसी) ज्या वित्तीय कंपनीत मी नोकरी करतो, तिने कर्मचाऱ्यांच्या येण्याजाण्यासाठी नवी योजना लागू केली आहे. लोकल किंवा मेट्रोच्या पासाचे पैसे परत मिळणे, वांद्रे आणि कुर्ला स्थानकांवरून मिनीबस, रात्रपाळीनंतर घरपोच गाडी आणि वरच्या श्रेणीतील अधिकाऱ्यांना इमारतीच्या तळघरात मोफत पार्किंग, असे तिचे स्वरूप आहे. परिपत्रकात या सगळ्या सोयी एका तोलाच्या वाटतात. प्रत्यक्षात तशा नाहीत, आणि कोण कशाने कामावर येतो हे या असमतोलावरच ठरते.

योजनेतील सर्वांत उपयुक्त सोय मिनीबसची आहे. बोरिवली किंवा डोंबिवलीहून येणाऱ्या माणसाला लोकलची गर्दी सवयीची असते. त्याची खरी दमछाक होते ती वांद्रे पूर्वेला किंवा कुर्ला पश्चिमेला उतरल्यावर शेअर रिक्षाच्या रांगेत, आणि पावसाळ्यात तर उरलेला छोटा टप्पाच अधिक लांब वाटतो. मे २०२५ मध्ये बेस्टच्या शहर बसचे किमान भाडे पाचवरून दहा रुपये झाले तरी ती बस अजूनही स्वस्तच आहे. अडचण पैशांची नसून बस कधी मिळेल याची खात्री नसण्याची आहे. मिनीबसने ती खात्री दिली, म्हणून ठाणे-मुलुंडहून गाडीने येणारे आमच्या विभागातील काही सहकारी कुर्ल्यापर्यंत लोकलने येऊ लागले. दुर्दैवाने कंत्राटदाराची शेवटची फेरी संध्याकाळी सातला सुटते आणि निम्मे कार्यालय त्यानंतर रिकामे होते. सकाळची खात्री संध्याकाळी नसेल, तर माणूस सकाळीच गाडीची किल्ली उचलतो.

पासाच्या परतफेडीबाबत मात्र निराशा झाली. अर्जासोबत मासिक पासाची पावती जोडावी लागते. पण आठवड्यातील काही दिवस घरून काम करणाऱ्याला मासिक पास परवडतोच असे नाही. आरे ते बीकेसी हा मेट्रोच्या ॲक्वा लाइनचा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि वर्षभराने ३३.५ किलोमीटरची ही मार्गिका कफ परेडपर्यंत पोहोचली. त्यामुळे गिरगाव, दादर वा मरोळच्या माणसाला बीकेसीला येण्यासाठी थेट मेट्रो मिळाली. परंतु रोज क्यूआर तिकीट काढणाऱ्यांसाठी आमच्या अर्जात रकानाच नाही. शिवाय परत मिळालेली रक्कम पगारात धरली जाऊन तिच्यावर कर लागतो. पूर्वी वाहतूक भत्त्यातील महिना १,६०० रुपये करमुक्त असत. २०१८-१९ पासून ही सवलत सर्वसाधारण कर्मचाऱ्यांसाठी बंद होऊन प्रमाणित वजावट, म्हणजे पगारातून कर मोजण्याआधी सरसकट वजा होणारी रक्कम, आली, आणि ती वजावट तर गाडीने येणाऱ्यालाही तेवढीच मिळते. उलट, घर ते कार्यालय या प्रवासासाठी कंपनीने दिलेले वाहन करपात्र लाभ मानले जात नाही. तेव्हा कंपनीने हाच पैसा मिनीबसच्या फेऱ्यांवर खर्च करणे शहाणपणाचे ठरेल.

तळघरातील जागेचे मोल मात्र कोणाच्याही वेतनपत्रकात दिसत नाही. बीकेसीसारख्या महागड्या भागात कंपनी त्या जागेसाठी पासांपेक्षा कितीतरी अधिक मोजत असणार, तरीही तिला कोणी सवलत म्हणत नाही, आणि जागा फुकट असल्यामुळे वांद्र्यात राहणारा अधिकारीसुद्धा एकटाच गाडीने येतो. कॅलिफोर्नियाने १९९२ मध्ये, काही अटींवर, पार्किंग नको असणाऱ्या कर्मचाऱ्याला तिच्या किमतीइतकी रोख रक्कम देण्याचे बंधन मालकांवर घातले. पार्किंगचे अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी तेथील आठ आस्थापनांचा अभ्यास केला, तेव्हा एकट्याने गाडी चालवत येणाऱ्यांचे प्रमाण ७६ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर आल्याचे आढळले. आमच्या व्यवस्थापनाने असा पर्याय निदान मधल्या श्रेणीपुरता तरी देऊन पाहावा. सर्वांत वरचे साहेब रोख रकमेसाठी लोकलमध्ये शिरतील, अशी माझी समजूत नाही.

रात्रीच्या गाडीबद्दल तक्रार नाही. ती वेळेवर येते. अर्थात, रात्री साडेनऊनंतर महिला कर्मचाऱ्यांना घरापर्यंत वाहन देणे हे महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार मालकाचे कर्तव्यच आहे, तेव्हा तिचे श्रेय योजनेला किती द्यायचे हा प्रश्न उरतो.

मिनीबसची शेवटची फेरी रात्री नऊपर्यंत न्यावी, अशी लेखी मागणी आम्ही केली आहे. ती मान्य होईपर्यंत ठाणे-मुलुंडच्या सहकाऱ्यांनी गाडी विकण्याची घाई करू नये.