'अबाउट' पानावर विसंबलो आणि फसलो: जुना लॅपटॉप घेणाऱ्यांनी हे वाचावे

जुन्या लॅपटॉपच्या व्यवहारात काय काय चालते हे आपण सगळेच जाणतो. मीही जाणत होतो, आणि म्हणूनच हे लिहिताना अधिक लाज वाटते. रोज टर्मिनलवर (आज्ञा टाइप करून संगणक चालवण्याच्या खिडकीवर) काम करणारा माणूस प्रोसेसरच्या नुसत्या नावाला भुलावा, याला काय म्हणावे? मला सांगण्यात आले होते की इंटेल कोअर आय7-8550यू, 16 जीबी रॅम आणि 512 जीबीची 'नवी कोरी' एसएसडी (डेटा साठवणारी डिस्क) आहे. हाती पडला तो कोअर आय5-5200यू, म्हणजे 2015 सालचा दोन कोअरचा (गणना करणाऱ्या दोन भागांचा) प्रोसेसर, आणि एसएसडी निघाली 21,640 तास राबलेली. रॅम मात्र खरोखरच 16 जीबी होती, आणि घात नेमका तिनेच केला. एक गोष्ट पडताळून खरी निघाली की बाकीच्यांकडे पाहणारी नजर सैल पडते. रकमेचे 30 टक्के आगाऊ दिले, उरलेले 70 टक्के लॅपटॉप ताब्यात घेताना दिले, आणि आजवर परत मिळाले ते शून्य.

मी पोहोचलो तेव्हा विक्रेत्याने लॅपटॉप आधीच सुरू करून ठेवला होता आणि सेटिंग्जमधील 'अबाउट' पान समोर उघडेच होते. त्यावर आय7-8550यू हे नाव स्वच्छ दिसत होते. तरीही मी अगदीच आंधळा नव्हतो. मी विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडून 'परफॉर्मन्स'वर गेलो. नाव तिथेही तेच होते, पण खाली लिहिले होते: कोअर 2, लॉजिकल प्रोसेसर (म्हणजे थ्रेड) 4, एल3 कॅश (प्रोसेसरमधलीच छोटी, वेगवान स्मृती) 3 एमबी. आय7-8550यूला चार कोअर, आठ थ्रेड आणि 8 एमबी कॅश असते, आणि हे आकडे मला तोंडपाठ आहेत. मी विचारले. तो म्हणाला, ''साहेब, बॅटरीवर चालताना अर्धे कोअर बंद राहतात.'' आणि मी मान डोलावली! बॅटरीवर चालताना प्रोसेसरचा वेग कमी होऊ शकतो, पण कॅश 8 एमबीवरून 3 एमबीवर येत नाही, हे मी एखाद्या नवख्याला झोपेतही समजावून सांगितले असते. तो क्षण मला अजून रात्री आठवतो.

त्याहून वाईट म्हणजे लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून लॅपटॉप थेट लिनक्समध्ये सुरू करता येतो) माझ्या खिशात होता. तो लावतो म्हटल्यावर ''वॉरंटी जाईल'' असे उत्तर आले. पेनड्राइव्हवरून बूट केल्याने आतील डिस्कला हातही लागत नाही, तेव्हा जो विक्रेता एवढ्याला नाही म्हणतो त्याच्यासमोरून सरळ उठावे. मी उठलो नाही, कारण बाहेर अंधार पडत होता, आगाऊ रक्कम अडकलेली होती आणि माणूस बोलायला सज्जन होता. शेवटी एकदा बंद करून सुरू करून दाखवा, एवढा आग्रह मात्र मी धरला. लॉगिन झाल्यावर पडद्यावर एक काळी खिडकी क्षणभर उघडून मिटली. ''अपडेट आहे,'' तो म्हणाला.

ते अपडेट नव्हते. घरी येऊन टास्क शेड्युलर (ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणारी विंडोजची सोय) उघडला तेव्हा त्यात लॉगिनच्या वेळी चालणारी एक बॅच फाइल, म्हणजे आज्ञांची यादी, सापडली. अवघी दोन ओळींची ती फाइल रजिस्ट्रीतील (विंडोज आपल्या नोंदी जिथे ठेवते तिथल्या) प्रोसेसरच्या नावाच्या जागी आय7-8550यू हा मजकूर लिहीत होती. 'अबाउट' पान तेच नाव वाचते. रजिस्ट्रीचा तो भाग प्रत्येक बूटला नव्याने तयार होतो, म्हणून खोटे नाव रोज पुन्हा लिहावे लागते, आणि म्हणून ती काळी खिडकी. लॅपटॉप सुरू होताना अशी खिडकी लुकलुकली तर पैसे खिशातच ठेवा.

मग पेनड्राइव्हवरून बूट करून टर्मिनलमध्ये प्रोसेसरची माहिती देणारी 'एलएससीपीयू' (lscpu) ही आज्ञा चालवली. मॉडेलच्या नावासमोर आय5-5200यू आले, कारण इथे नाव थेट प्रोसेसरकडून येते, विंडोजच्या रजिस्ट्रीशी त्याचा संबंध नसतो. 'सुडो'सह (प्रशासकाच्या अधिकाराने) 'डीएमआयडीकोड' (dmidecode) चालवल्यावर रॅमच्या 8 जीबीच्या दोन पट्ट्या दिसल्या, पण प्रकार डीडीआर3, म्हणजे रॅमची जुनी पिढी, आणि वेग 1600. म्हणजे दुसरा पुरावाही समोर होता, कारण 8550यूबरोबर अशी पट्टी येत नाही. (या आज्ञेवर एकटीवर विसंबू नये, ती फर्मवेअरमध्ये (लॅपटॉपच्या मूळ चिपमधील सॉफ्टवेअरमध्ये) लिहिलेले तेवढेच वाचते आणि तिथली नोंद चुकीची असू शकते.) डिस्कची नोंद वाचणाऱ्या 'स्मार्टसीटीएल'ने (smartctl) डिस्कचे 21,640 तास दाखवले, म्हणजे सुमारे नऊशे दिवस अखंड चालू. 'यूपॉवर'ने (upower) बॅटरीची मूळ क्षमता 50 वॉट-तास आणि उरलेली 21.3 सांगितली. विंडोजवरच तपासायचे असेल तर 'पॉवरसीएफजी' (powercfg) या आज्ञेचा बॅटरी रिपोर्ट तरी विक्रेत्यासमोर काढाच. या सगळ्याला मला सहा मिनिटे लागली.

यानंतर सुरू झाली खरी पायपीट. जिथे जाहिरात पाहिली त्या विक्री-मंचाने ''व्यवहार आमच्या माध्यमातून पूर्ण झालेला नाही'' असे कळवून तक्रार सात दिवसांत आपोआप बंद केली. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वखुशीने दिले आहेत. ऑनलाइन तक्रारीच्या अर्जात फसवणुकीचे प्रकार निवडायचे होते; ओटीपी होता, लॉटरी होती, नोकरीचे आमिष होते, पण 'वस्तू निराळीच निघाली' यासाठी रकानाच नव्हता, म्हणून 'इतर' निवडले, आणि 'इतर'चे पुढे काय होते ते आजतागायत कळलेले नाही. शेवटी पोलीस ठाण्यात गेलो. टर्मिनलच्या पडद्याची छापील पाने मी पुढे सरकवली. अधिकाऱ्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, ''लॅपटॉप चालू होतो ना?'' होतो म्हणालो. ''मग फसवणूक कसली?'' त्यांनी लॅपटॉप सुरू करायला सांगितले, स्वतः 'अबाउट' पान उघडले आणि बोट ठेवून मला वाचून दाखवले: आय7-8550यू. दोन ओळींच्या त्या फाइलबद्दल मी तिसऱ्यांदा समजावू लागलो, तेव्हा हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे, वकील गाठा, असे सांगून त्यांनी पुढच्या माणसाला बोलावले. एखाद्याने क्रमांक बदलून गाडी विकली असती तर यांनी असेच म्हटले असते का?

माझी चूक मी मान्य करतो, पण सगळी चूक माझीच, हे मात्र मान्य नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट मी जपून ठेवला आहे. तुम्हीही पैसे देण्यापूर्वी तो काढा, आणि मॉडेल क्रमांकासह सर्व तपशील विक्रेत्याकडून लेखी संदेशात घ्या, कारण जाहिरात दुसऱ्या दिवशी गायब होते. माझी झाली. ती बॅच फाइल वकिलांच्या सांगण्यावरून मी अजून पुसलेली नाही, त्यामुळे लॅपटॉप विंडोजमध्ये सुरू केला की ती काळी खिडकी आजही लुकलुकते.