मेटचेन बरो, न्यू जर्सी: घर घेण्याआधी इथला कारभार पाहून घ्या

एडिसनच्या आसपास घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबाला मेटचेनचं नाव हमखास ऐकायला मिळतं. न्यूयॉर्कला थेट जाणारी लोकल, पायी जाता येईल अशी बाजारपेठ आणि चांगल्या शाळा, एवढं एजंट सांगतो. चारही बाजूंनी एडिसनने वेढलेलं असलं तरी मेटचेन हा एडिसनचा भाग नाही, ही गोष्ट मात्र बऱ्याचदा सांगायची राहून जाते. मेटचेन ही ‘बरो’ प्रकारची स्वतंत्र नगरपालिका आहे. पोलीस, शाळा, ग्रंथालय आणि घरपट्टी सगळं तिचं वेगळं. हे परीक्षण त्या नगरपालिकेच्या सेवेचं आहे. घर एकदा बघून विकत घेता येतं, पण या कारभाराशी पुढची वीस वर्षं संबंध येतो.

आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. माणसांपर्यंत पोचता येणं, चालू बाजारपेठ आणि छोट्या कामांची सोय या बाबतींत मेटचेन या परिसरात उजवं आहे. घरपट्टी कमी लागेल या आशेने इथे येणाऱ्याची मात्र निराशा होईल. असं का, ते इतिहासातच दडलेलं आहे.

१८३६ च्या सुमारास इथून रेल्वे गेली आणि स्टेशनभोवती गाव वाढलं. १८७० पासून हा भाग रॅरिटन टाउनशिप या मोठ्या नगरपालिकेत होता. आसपास शेती आणि मध्ये रेल्वेने शहराशी जोडलेली वस्ती, अशी रचना असली की पैसे कुठे खर्च करायचे यावरून वाद ठरलेलेच. १८९४ मध्ये न्यू जर्सीने शाळांचा कायदा बदलला आणि एका टाउनशिपमधल्या सगळ्या शाळा एका मंडळाखाली आणल्या. बरो म्हणून वेगळं झालं की स्वतःचं शाळा मंडळ ठेवता येत होतं. मग राज्यभर बरोंचं पेव फुटलं. १८९६ मध्ये विधिमंडळाने ही वाट अडवली आणि नवा बरो फक्त विधिमंडळाच्या कायद्यानेच होईल असं ठरवलं. मेटचेन त्यानंतरचं आहे. २० मार्च १९०० च्या कायद्याने ते टाउनशिपमधून वेगळं निघालं. उरलेल्या रॅरिटन टाउनशिपने १९५४ मध्ये थॉमस एडिसनचं नाव घेतलं, कारण त्याची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा त्याच हद्दीत होती. लेखक, कलावंत आणि विद्वान इथे येऊन राहिल्यामुळे मेटचेनला ‘ब्रेनी बरो’ हे टोपणनाव मिळालं. न्यूयॉर्कच्या हेल गेट पुलाचे अभियंते गुस्ताव लिंडेनथाल इथेच राहत होते आणि १९३५ मध्ये इथेच वारले.

म्हणजे जेमतेम २.८ चौरस मैलांच्या, सुमारे ७ चौरस किलोमीटरच्या, जागेसाठी नगरपालिकेचा अख्खा संच उभा आहे. राज्यात आजही ५६४ नगरपालिका आहेत आणि घरपट्टी जास्त असण्याचं ते एक कारण मानलं जातं. प्रिन्स्टनचा बरो आणि प्रिन्स्टनची टाउनशिप १ जानेवारी २०१३ रोजी एक झाले, पण अशी उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. मेटचेनने वेगळं राहण्याची किंमत मोजली हे खरं. त्या बदल्यात जिवंत मेन स्ट्रीट, म्हणजे बाजाराचा मुख्य रस्ता, मिळाली हेही तितकंच खरं. २०२३ मध्ये तिला ‘ग्रेट अमेरिकन मेन स्ट्रीट’ पुरस्कार मिळाला, आणि आमच्या मते तो योग्य आहे.

लोकसंख्येचे आकडे पाहिले की गावाचा स्वभाव कळतो. १९५० मध्ये ९,८७९ माणसं होती, १९७० मध्ये १६,०३१. तिथून उतार लागला आणि १९९० मध्ये आकडा १२,८०४ वर आला. जुन्या उपनगरांत सगळीकडे दिसतं तेच इथेही घडलं, म्हणजे घरं तेवढीच राहिली आणि घरातली माणसं कमी झाली. पुढे २०१० मध्ये १३,५७४ आणि २०२० मध्ये १५,०४९, म्हणजे दहा वर्षांत जवळपास ११ टक्के वाढ. स्टेशनजवळच्या गाड्या लावण्याच्या जागेवर अपार्टमेंट उभी राहिली, त्याचा या वाढीत वाटा आहे. शेजारच्या एडिसनची लोकसंख्या २०२० मध्ये १,०७,५८८ होती. आकारातला हा फरक नगरपालिकेच्या काउंटरवरही जाणवतो.

हे आकडे स्वतः तपासायचे तर जनगणना विभागाच्या संकेतस्थळावर मेटचेन दोनदा दिसतं, एकदा ‘प्लेस’ म्हणून आणि एकदा ‘काउंटी सबडिव्हिजन’ (काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, उपविभाग) म्हणून. न्यू जर्सीतल्या बरोंसाठी दोन्हींची हद्द एकच असते, त्यामुळे कुठलंही घ्या. दरवर्षीच्या अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेचा एका वर्षाचा अहवाल ६५,००० च्या वरच्या ठिकाणांसाठीच निघतो. मेटचेनसाठी पाच वर्षांची सरासरीच घ्यावी लागते, आणि तिच्याशेजारचा ‘मार्जिन ऑफ एरर’चा (अंदाज किती चुकू शकतो त्याचा) रकाना वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. दोन सर्वेक्षणांतला फरक त्या मार्जिनपेक्षा लहान असेल तर ‘भारतीय वाढले’ किंवा ‘कमी झाले’ असं म्हणण्यात अर्थ नाही. मराठी भाषकांचा आकडा शोधणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. घरी बोलल्या जाणाऱ्या भाषांच्या, छोट्या भागांसाठी मिळणाऱ्या सी१६००१ या तक्त्यात मराठी वेगळी दिसत नाही. ती गुजराती आणि हिंदीसोबत ‘इतर इंडो-युरोपियन’ गटात जाते, आणि तमिळ-तेलुगू भलत्याच गटात. सविस्तर बी१६००१ तक्त्यातसुद्धा मराठी नेपाळी आणि इतर भाषांसोबत एकाच ओळीत आहे. मेटचेनमध्ये अमुक इतके मराठी आहेत असं कोणी ठामपणे सांगितलं, तर तो आकडा या तक्त्यांतला नाही एवढं समजा.

आता कारभार. इथे एक मेयर आणि सहा नगरसेवक असतात. मेयरची मुदत चार वर्षांची आणि नगरसेवकांची तीन वर्षांची, दरवर्षी दोन जागा निवडणुकीला. वॉर्ड नाहीत, सहाही जण संपूर्ण गावाचे. म्हणून ‘आमच्या भागाचा नगरसेवक कोण’ हा प्रश्न इथे लागू होत नाही. कोणालाही लिहा, पण रस्ते, वित्त, पोलीस अशा विषयांसाठीच्या समित्यांवर कोण आहे ते पाहून लिहिलंत तर उत्तर लवकर येतं. बरो पद्धतीत मेयर एरवी मत देत नाही. बरोबरीत मतं पडली तरच देतो. ऑर्डिनन्सवर, म्हणजे गावाच्या स्थानिक कायद्यावर, त्याला नकाराधिकार असतो आणि तो उलटवायला सहापैकी चार मतं लागतात. महाराष्ट्रात महापालिकेचा आयुक्त राज्य सरकारकडून येतो. इथे रोजचं काम पाहणारा प्रशासक गावानेच नेमलेला असतो, त्यामुळे काम अडलं तर बोट कुणाकडे दाखवायचं ते स्पष्ट असतं.

सगळ्यात जास्त गफलत होते ती सभांच्या बाबतीत. ऑर्डिनन्स दोन वाचनांनी मंजूर होतो. पहिल्या वाचनात तो फक्त मांडला जातो. त्यानंतर किमान दहा दिवसांनी दुसरं वाचन आणि जाहीर सुनावणी होते. लोक मंजुरीच्या रात्री पहिल्यांदा येतात आणि तोवर नगरसेवकांचं मत बनलेलं असतं. तुमच्या रस्त्यावर पार्किंगबंदी येत असेल तर पहिल्या वाचनाची कार्यक्रमपत्रिका वाचा, मधल्या दिवसांत लेखी हरकत पाठवा आणि मग सुनावणीला बोला. बोलण्यासाठी नागरिकत्व लागत नाही. एच-वन व्हिसावरचा किंवा ग्रीन कार्डवाला रहिवासीही माईकपाशी जाऊ शकतो. मतदान मात्र नागरिकांनाच.

घरपट्टीचं बिल नीट वाचणं ही इथली सर्वांत उपयोगी सवय. बिलात शाळा, काउंटी आणि बरो असे वेगळे भाग असतात. अर्ध्याहून अधिक रक्कम शाळांची असते आणि तिचा निर्णय वेगळ्या निवडणुकीने आलेलं नऊ सदस्यांचं शाळा मंडळ घेतं. काउंटीचा भाग मिडलसेक्स काउंटीचे आयुक्त ठरवतात. बरो कौन्सिलकडे उरलेला भाग येतो, आणि त्यावरही राज्याची वाढीची २ टक्क्यांची मर्यादा आहे. ती कर्जफेड, पेन्शन अशा काही बाबींना लागू होत नाही. कौन्सिलच्या सभेत शाळेच्या खर्चावर तावातावाने बोलून काहीही साध्य होत नाही.

हप्ते १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट आणि १ नोव्हेंबरला. पहिले दोन हप्ते मागच्या वर्षाच्या अंदाजावर असतात आणि नवा दर उन्हाळ्यात ठरतो. म्हणून खरी वाढ ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या हप्त्यांत एकदम दिसते. बँक एस्क्रोतून (कर्जाच्या हप्त्यासोबत करासाठी पैसे जमा होतात त्या खात्यातून) भरत असली तरी एक बिल निसटतं. घरात खोली वाढवली किंवा तळघर बांधून घेतलं की ‘ॲडेड असेसमेंट’चं वेगळं बिल ऑक्टोबरमध्ये तुमच्या पत्त्यावर येतं. बँक ते भरेलच असं नाही. ते राहिलं तर थकबाकीच्या पहिल्या १,५०० डॉलरवर वर्षाला ८ टक्क्यांपर्यंत आणि त्यावरच्या रकमेवर १८ टक्क्यांपर्यंत व्याज लावायची कायद्याने मुभा आहे.

करआकारणी (करासाठी धरलेली घराची किंमत) जास्त वाटली तर अपील बरोकडे नव्हे, काउंटीच्या कर मंडळाकडे करायचं. मुदत साधारण १ एप्रिल, आणि गावात फेरमूल्यांकन झालं असेल त्या वर्षी १ मे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला येणारं आकारणीचं पोस्टकार्ड जाहिरात समजून फेकू नका. ‘शेजाऱ्याची घरपट्टी माझ्यापेक्षा कमी आहे’ हा मुद्दा मंडळ ऐकत नाही. बाजारभाव आणि आकारणी यांचं गुणोत्तरच तिथे मोजलं जातं. समजा गावाचं सरासरी गुणोत्तर ४० टक्के आहे. मग त्या ४० च्या १५ टक्के, म्हणजे ६, खाली-वर धरून ३४ ते ४६ टक्के हा मान्य पट्टा झाला. घराची खरी किंमत ७,००,००० डॉलर आणि आकारणी ३,४०,००० असेल तर गुणोत्तर ४८.६ टक्के होतं. ते पट्ट्याबाहेर असल्याने आकारणी २,८०,००० वर येऊ शकते. आकारणी ३,१०,००० असती तर ४४.३ टक्के, पट्ट्याच्या आत, म्हणून काहीच सूट नाही. बरीच अपिलं इथेच फसतात. गुणोत्तर ३४ च्या खाली निघालं तर आकारणी वाढूही शकते, हे गणित घरी करूनच अर्ज भरा. पुराव्यासाठी आदल्या वर्षाच्या १ ऑक्टोबरच्या आसपास विकलेली, तुमच्यासारखीच तीन ते पाच घरं लागतात. ती मेटचेनमधलीच असावीत. रस्त्यापलीकडचं एडिसनमधलं घर दिसायला तसंच असलं तरी शाळा वेगळ्या, म्हणून किंमत वेगळी. पोस्टाचा पत्ता आणि पिनकोड नगरपालिकेच्या हद्दी पाळत नाहीत, त्यामुळे घर कुठल्या नगरपालिकेत आहे ते कराच्या नोंदीतच पाहावं. घर विकत घेतानाही हाच नियम, नाहीतर शाळेचा हिशोब चुकतो.

बांधकाम परवान्यांच्या बाबतीत नियम राज्याचे आहेत आणि तपासणी बरोची. बहुतेक नळकाम, वीजकाम आणि नवा वॉटर हीटर यांना परवाना लागतो. रंगकाम किंवा फरशी बदलणं यांना लागत नाही. कंत्राटदार परवाना काढतो पण शेवटची तपासणी करून घेत नाही, हा नेहमीचा घोळ. परवाना उघडाच राहतो आणि दहा वर्षांनी घर विकताना समोर येतो. शेवटचा हप्ता तपासणी पास झाल्याचं स्टिकर पाहूनच द्या. घर घेणाऱ्याने ‘ओपन परमिट’ची यादी मागावी. सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली बरो क्लार्ककडे अर्ज केला की साधारण सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ‘या पत्त्यावरची सगळी माहिती’ असं लिहिलं तर अर्ज परत येतो. कराच्या नोंदीतला जागेचा ब्लॉक आणि लॉट क्रमांक, कालावधी आणि ‘बांधकाम परवाने व प्रमाणपत्रं’ असं नेमकं लिहा आणि ई-मेलने मागा, म्हणजे पानांचे पैसे पडत नाहीत. विक्रीच्या वेळी धूर आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचं प्रमाणपत्र लागतं. स्वयंपाकघरापासून दहा फुटांच्या आत अग्निशामक नळकांडं टांगलेलं असावं. हा अर्ज ऐनवेळी केला तर फी वाढते.

पाणी बरोचं नाही, मिडलसेक्स वॉटर या खाजगी कंपनीचं आहे. वीज पीएसई अँड जी या कंपनीची. स्टेशनजवळच्या गाड्यांच्या परवान्यांसाठी पार्किंग ऑथॉरिटी हे स्वतंत्र मंडळ आहे. बरो हॉलमध्ये फोन केला तर ते नम्रपणे दुसरा क्रमांक देतील, एवढंच.

जन्माचा आणि लग्नाचा दाखला घटना जिथे घडली तिथल्या निबंधकाकडे मिळतो. जेएफके रुग्णालय एडिसनच्या हद्दीत आहे, म्हणून तिथे जन्मलेल्या मेटचेनच्या बाळाचा दाखला एडिसनला मागावा लागतो. लग्नाचं लायसन्स मात्र वधू किंवा वर राहतो तिथून काढायचं. फी २८ डॉलर, सोबत सज्ञान साक्षीदार, आणि अर्जानंतर ७२ तास थांबावं लागतं. शनिवारी मुहूर्त असेल तर सोमवारीच बरो हॉल गाठावा. लग्न एडिसनच्या हॉलमध्ये लागलं तर नंतरचा दाखला पुन्हा एडिसनच्याच खिडकीवर मिळतो.